फुटवे काढायचा फाल्गुन

फाल्गुन लागला की माझे हात शिवशिवतात. वसंताची चाहूल ज्यांना लागते त्यांना लागो. मला या दिवसांत काहीतरी तोडावंसं वाटतं. उन्हाला धार आलेली असते, वारा मुठी भरभरून धूळ तोंडावर फेकतो, आणि आमच्या नाशिकच्या गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत अरेका पामच्या बुडाशी नवे फुटवे माती फोडून वर येतात. एकेक पातं गुंडाळलेलं, टोकदार. पाहता पाहता कुंडीत पाय ठेवायला जागा उरत नाही.

आमचे हे मोबाइल घेऊन शेजारी उभे असतात. "निम्मे म्हणतात काढा, निम्मे म्हणतात ठेवा," ते वैतागून सांगतात. "काढले तर मधलं खोड जोर धरतं म्हणे, ठेवले तर झाड भरदार दिसतं. आता ऐकायचं कोणाचं?" त्यांना हा प्रश्न बागकामाचा वाटतो. ते कात्री पुढे करतात. मी ती हातात घेते आणि माझ्या मनगटात काहीतरी उसळून येतं. राग म्हणावा तर राग कोणाचाच आलेला नसतो. ते माझं नाहीच. ते नानांचं आहे.

नाना म्हणजे माझे वडील. काशीत रामघाटावर आमचं घर. पणजोबांच्याही आधी कोणीतरी कोकणातून तिथे गेलं आणि तिथलंच होऊन राहिलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, अभिषेक, गंगापूजन हे नानांचं काम. मंत्र म्हणू लागले की घाटावरचे नावाडी वल्हं थांबवून ऐकत, असा आवाज. तोच आवाज घरात चढला की आम्ही तिघं, आई, दादा आणि मी, भिंतीला पाठ लावत असू.

बनारसचा फाल्गुन मुळातच मारकुटा. होळी जवळ आली की मोहल्ल्यातली पोरं होलिकेसाठी लाकूड पळवत. रात्री बाहेर विसरलेली खाट, दुकानाचं बाकडं, दाराची सैल झालेली फळी, सगळं सकाळी चौकातल्या ढिगावर. मालक येऊन आईबहिणीवरून शिव्या देणार, पोरं त्याच शिव्या चाल लावून परत देणार. गल्लीत दोन सांड भिडले की माणसं मिळेल त्या ओट्यावर चढत. शिंगं भिंतीवर आपटल्याचा आवाज आमच्या माजघरात यायचा. एकदा दोघांच्या मध्ये एक सायकल सापडली, तर मालकाने ती पिशवीत भरून नेली म्हणतात. माकडांच्या टोळ्या गच्च्यांवरून एकमेकींवर तुटून पडत, वाळत घातलेल्या पापडांवर रक्ताचे थेंब पडलेले मी पाहिलेत. रंगाच्या दिवशी दारावर लाथा बसत आणि नाल्यातला चिखल झरोक्यातून आत येई. सगळं शहर चेकाळलेलं, आणि सगळ्याला औषध एकच, 'बुरा न मानो'. आमच्या घरात त्या औषधाचा उपयोग नव्हता. नानांना वाईट वाटायचं, आणि ते बारा महिने वाटायचं.

आमच्या घराच्या आतल्या चौकात, आडाच्या बाजूला, नानांनी पोफळ लावली होती. म्हणजे नाना तिला पोफळ म्हणत. मी लहान असताना विद्यापीठाकडच्या एका नर्सरीतून ते रोप त्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणलं होतं. नर्सरीवाला म्हणाला, "सुपारी है, पंडितजी," आणि नानांचे डोळे भरून आले. नानांनी कोकण कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही नाही. पण घराण्याचं गाव, तिथला समुद्र, घरामागची पोफळीची बाग हे सगळं त्यांना संध्येसारखं पाठ. यजमान आले की आधी चौकात नेत आणि झाडाला हात लावून सांगत, "ही आमची पोफळ. गावची आठवण." गंमत अशी, की ती गुहागर-रत्नागिरीकडची माणसं, ज्यांचा जन्म पोफळीखाली गेला, तीसुद्धा माना डोलवून "वा, वा" म्हणत. काशीच्या गुरुजींना, तेही श्राद्धाच्या आदल्या दिवशी, कोण दुरुस्त करणार?

पोफळ एकखोडी, सरळसोट असते, हे नानांनी ऐकलेलं होतं. ही मात्र बुडातून फुटत राही. ते फुटवे नानांना स्वतःचा अपमान वाटत. दर फाल्गुनात, होळीच्या तोंडावर, ते धोतराचा काचा मारून कोयता घेऊन बसत. फुटवा बुडाशी धरायचा, पिळायचा आणि घाव घालायचा. "आईचं रक्त पितात, हरामखोर!" प्रत्येक घावाबरोबर हेच. एका घावात तुटला नाही तर दात-ओठ खाऊन पुन्हा पुन्हा. हिरवा रस त्यांच्या जानव्यावर उडे, कोवळी पाती चौकभर लोळत, आणि झाडाच्या बुडाला एक नवं भोक पडे. शेजारची चाची वरच्या सज्ज्यातून हसत विचारायची, "का हो पंडितजी, आज पेड़ की बारी है?" ती थट्टेने म्हणायची, पण खरं तेच होतं. फुटवे काढायच्या दिवशी आमच्यापैकी कोणाला मार बसत नसे.

नाना मारत. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं आडून आडून, 'कडक होते', 'शिस्तीचे होते' असं म्हणत आले. आता सरळ लिहिते. मिठासाठी मारत. दार आपटलं म्हणून मारत. आईला ओल्या धोतराने मारत, कारण त्याचा वळ लवकर जातो. दादाला, त्याला मिशा फुटल्यानंतरही, यजमानांदेखत थोबाडीत बसे, आणि यजमान गंगेकडे पाहत. मला अजून चीड येते ती त्या गंगेकडे पाहणाऱ्यांची जास्त.

कुठे उभं राहिलं तर वाचू, हे आम्हाला घरातल्या कोनाकोपऱ्यासकट ठाऊक होतं. जेवताना नानांचा उजवा हात खरकटा असे, आणि खरकट्या हाताने ते कोणाला शिवत नसत. म्हणून वाढणाऱ्याने नेहमी उजवीकडून वाढायचं. डावीकडून गेलं की डाव्या हातातला तांब्या बसे. पण सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे सोवळं. पूजेसाठी मुकटा नेसले की नाना आम्हा ओवळ्या माणसांना शिवू शकत नसत. शिवले तर पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळी पूजा पहिल्यापासून. त्यामुळे सकाळचा तो वेळ आमचा असे. दादा पेपर मोठ्याने वाचे, मी आरशासमोर वेणी घालत रेंगाळे, आई भाजी चिरता चिरता गुणगुणे. आत देवघरात घंटा वाजत असायची आणि बाहेर आम्ही सुट्टी साजरी करत असायचो.

आई तर महिन्याला बाजूला बसायची तेव्हा खुलायची. बायका त्या चार दिवसांच्या नावाने बोटं मोडतात. माझी आई त्यांची वाट पाहायची. जिन्याखालच्या खोलीत चटईवर बसून ती वाती वळायची, मला गोष्टी सांगायची, मोकळी हसायची. चार दिवस तिला कोणी शिवायचं नाही, म्हणजे नानांनीही नाही. तिची पाळी गेली त्या वर्षी ती त्याच खोलीत बसून रडली होती. मला वाटलं, म्हातारपण आलं म्हणून रडते आहे. किती अडाणी असतात मुली.

मग त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात दादाचं लग्न झालं आणि शैलावहिनी आली. गुहागरजवळच्या खेड्यातली, बागाईतदाराची मुलगी. सावळी, रुंद खांद्यांची, चालताना जमीन दणाणवणारी. आईने तिला डाळीचे डबे कुठे आहेत हे दाखवायच्या आधी वाढताना कुठे उभं राहायचं ते शिकवलं. वहिनीला वाटलं, ही काशीची रीत असेल. ती हौसेने उजवीकडून वाढू लागली.

नानांचा हात तिच्यावर कधीतरी पडणार हे आम्हाला ठाऊक होतं. फक्त केव्हा ते ठाऊक नव्हतं. तो सगळा हिवाळा आईचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. "एकदा पडला ना गं, की मग हमेशाचं होतं," ती मला सांगायची. "पहिला पडायला नको." वहिनीच्या हातून काही सांडलं की आई धावत जाऊन ते स्वतःवर घ्यायची. वहिनी मात्र मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची, आणि तिच्या प्रत्येक हसण्याला आम्ही देवघराच्या दाराकडे पाहायचो.

झाडाची गोष्ट पहिल्याच आठवड्यात निघाली. चौकात कपडे वाळत घालताना वहिनीने वर पाहिलं आणि म्हणाली, "पाम छान उंच झालाय हो तुमचा."

"चुप!" आई दबक्या आवाजात ओरडली. "पोफळ आहे ती."

"पोफळ?" वहिनीला हसू आवरेना. "अहो आई, आमच्या मागल्या दारी पोफळीच पोफळी आहेत. पोफळीला असं बुडातून फुटतं होय कधी?"

"नसेल फुटत. इथे ही पोफळच आहे. त्यांच्यासमोर हे बिलकुल बोलायचं नाही, समजलं?"

त्या दिवशी मीही तोंडात पदर कोंबून हसले. इतकी वर्षं ज्या झाडापुढे दुरून आलेली माणसं माना डोलवत, ते पोफळ नव्हतंच. पण वहिनीचं हसू लवकर मावळलं. ती बुडाशी उकिडवी बसली होती. दर वर्षीच्या घावांच्या भोकांत पाणी साचून खोड काळं पडलं होतं, आंबूस वास येत होता. तिने अंगठ्याने दाबलं तर अंगठा पेरभर आत गेला. "वन्सं, हे मधलं काही आता जगायचं नाही," ती मला म्हणाली. "हे फुटवे राहिले तर त्यांच्यावर झाड राहील. यंदा पण छाटले तर सगळंच गेलं." तिच्या घरी झाड मरत असताना बघत बसायची पद्धत नव्हती. नानांना सांगायचं, हे तिने तिथेच ठरवलं. आईने हात जोडले, शपथा घातल्या. शेवटी वहिनी ऐकत नाही म्हटल्यावर आईने आपल्याजवळचं एकमेव शहाणपण तिला दिलं, "सांगायचंच असेल तर ते सोवळ्यात असताना सांग. तेव्हा शिवत नाहीत."

झाडांवरून माणसांचे धडे काढणाऱ्यांचा मला राग आहे. फुटव्यांवरून कोणी घराण्यावर, वंशवेलीवर प्रवचन द्यायला लागलं तर मी उठून जाते. चौकातल्या त्या अरेका पामचा आणि आमच्या घराचा संबंध इतकाच, की दोघांवर एकच माणूस घाव घालत होता. परवा मी माझ्या कुंडीचा निकाल लावला. कडेचे दोन फुटवे मुळांसकट हलक्या हाताने सोडवले, शेजारणीला दिले, बाकीचे ठेवले. कात्री वापरली नाही. हे म्हणाले, "एवढंच करायचं होतं तर इतका विचार कसला करत होतीस?" मी म्हटलं, विचार कसला, हात खाली आणत होते. ते चहा ठेवायला आत गेले. त्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत आहे, पण या महिन्यात माझ्या हातात कात्री देऊ नये, एवढं काही अजून सुचत नाही.

होळीच्या आदल्या दिवसाची सकाळ. ऊन चौकात अर्ध्यावर आलं होतं. बाहेर पोरं ढोल बडवत शिव्यांची गाणी म्हणत होती. आईने दर वर्षीप्रमाणे कोयता आणून झाडाशी ठेवला होता, कारण तो जागेवर नसता तर त्याबद्दलही मार होता. नाना मुकटा नेसून तुळस तोडायला चौकात आले. फुटवे त्या वर्षी दाट आले होते.

"माजलेत," ते म्हणाले. "नैवेद्य झाला की साफ करतो एकेकाला."

वहिनी आडाजवळ उभी होती. तिने एकदा आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. 'नको' म्हणून की 'आता सांग' म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

"मामंजी, यंदा राहू द्या ना फुटवे."

नाना वळले. "काय?"

"मधलं खोड कुजलंय. फुटवे काढलेत तर झाड मरेल."

"मला शिकवतेस? पोफळीला फुटवे ठेवतात का कधी?"

"ही पोफळ नाही हो, मामंजी," वहिनी म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट लहान मुलाला समजवावं तशी माया होती, आणि त्यानेच घात केला असावा. "शोभेचा पाम आहे हा. पोफळीला फुटवे येतच नाहीत. कोकणातल्या कोणालाही विचारा."

बाहेरचा ढोल तेवढा वाजत राहिला. मी मनात म्हणत होते, सोवळ्यात आहेत, सोवळ्यात आहेत. नानांच्या हातातली तुळस खाली पडली आणि तोच हात वहिनीच्या कानाखाली बसला. ती आडाच्या कठड्यावर आदळली. भुवई फुटली, डोळ्यावरून रक्त खाली आलं.

"अहो, सोवळं!" आईच्या तोंडून एवढंच निघालं.

आम्हाला माराचं काही नवीन नव्हतं. पण ती एक जागा होती, जिथे मार पोचत नव्हता, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत गेली. नानासुद्धा आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग वहिनी उठली. तिने झाडाशी ठेवलेला कोयता उचलला आणि नानांच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. नाना दोन पावलं मागे सरकले. मी त्यांना मागे सरकताना जन्मात पहिल्यांदा पाहत होते. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला वाटलं, घाल.

तिने घातला, पण झाडावर. फुटव्यांना धक्का न लावता, मधल्या खोडावर. पहिला घाव कुजक्या भागात फसला, तिने पाय रोवून तो उपटला, दुसरा, तिसरा. घशातून फक्त लाकूडतोड्यासारखा हुंकार. नानांची पोफळ कडाडली, सज्ज्याच्या कठड्यावर आपटली, तिथून घसरत खाली आली आणि पूजेच्या धुतलेल्या भांड्यांवर पडली. ताम्हनं, पळ्या, पंचपात्रं चौकभर उडाली. चाची वरून "हाय राम" म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली. बुडाशी सगळे फुटवे तसेच उभे होते.

"ही घ्या तुमची पोफळ," वहिनी म्हणाली, आणि कोयता टाकून खाली बसली. दादा वरून धावत आला. त्याने अंगातला सदरा काढून तिच्या भुवईवर दाबून धरला. नानांकडे त्याने पाहिलंही नाही.

इथून पुढे नाना बदलले असं लिहिलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. बदलले नाहीत. त्याच उन्हाळ्यात, लूचे गरम वारे वाहत असताना, पाण्याचं मडकं फुटलं म्हणून त्यांनी मला मारलं. वहिनीला मात्र पुन्हा कधी हात लागला नाही. फुटवे वाढले, त्यांचं बेट होऊन सज्ज्यापर्यंत गेलं. यजमान आले की नाना त्यांना चौकात न नेता बाहेरूनच सांगत, "होती एक पोफळ. वठली." वहिनी आतून ते ऐकायची आणि पोळ्या लाटत राहायची. तिच्या भुवईवर ती रेघ अजून आहे.

पण होळी जवळ आली की मला आठवतं ते त्या सकाळचं शेवटचं. सोवळं मोडलं होतं. पुन्हा आंघोळ केल्याशिवाय नानांना देवघरात जाता येत नव्हतं. ते ताम्हनं-पळ्यांच्या पसाऱ्यात उभे होते. "पाणी काढ," ते आईला म्हणाले.

आई वहिनीची जखम पुसत होती. ती उठली नाही.

"ऐकू येत नाही का? पाणी काढ!"

आईने जवळ पडलेला कोयता उचलला. पदराने त्याचा हिरवा चीक पुसला, धारेवरून अंगठा फिरवून पाहिला. "शैला," ती म्हणाली, "हा माझ्या स्वयंपाकघरातला कोयता आहे गं. रोज नारळ फोडते मी याने. इतकी वर्षं, रोज माझ्या हातात असतो." ती वहिनीशी बोलत होती, पण बघत होती नानांकडे. कोयता तिने खाली ठेवला नाही.

मग नानांनी स्वतः बादली उचलली, दोराला बांधली आणि आडात सोडली. गाठ नीट बसली नव्हती. बादली भिंतींवर आपटत खाली गेली आणि नुसताच दोर वर आला. तो हातात धरून ते उभे राहिले. त्यांना पाणी काढता येत नव्हतं.